शेऱ्याचा रकाना

विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी फोन करून बोलावलं आणि मी लगेच हो म्हणाले. त्यात सेवाभाव वगैरे काही नव्हता. वाळूजच्या एका औषध कारखान्यात मी पंचवीस वर्षं तपासणीच्या लॅबमध्ये काढली होती, त्यातली शेवटची काही वर्षं त्या लॅबची प्रमुख म्हणून. ज्या विभागातून मी शिकून बाहेर पडले, त्यानं एवढ्या काळात मला कधी चहालाही विचारलं नव्हतं. आता मान मिळत होता आणि मला तो हवा होता.

"एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कारखान्यातला एक मार्गदर्शक जोडून देतोय, मॅडम," प्राध्यापक म्हणाले. "आम्ही त्यांना रसायनशास्त्र शिकवतो. नोकरी कशी असते ते आम्हालाच ठाऊक नाही."

पहिल्या दिवशी विभागाच्या सभागृहात पुष्पगुच्छ झाले, फोटो झाले आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. माझ्या चिठ्ठीतली मुलगी शेवटच्या रांगेतून उठून आली. काळा बुरखा, चेहरा उघडा, हातात शंभर पानी वही. सिल्लोडची. वडील तिथल्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवतात, असं तिनं सांगितलं.

"म्हणजे नेमकं काय करतात?"

"कापूस चिमटीत धरून वढत्यात. धागा किती लांब, ओल किती, कचरा किती, ते हातानंच सांगत्यात. मागून मशीनवर मोजलं तरी लई फरक नाय पडत, मॅडम."

तिचे डोळे चमकत होते. मी मात्र ती काय सांगते ते ऐकत नव्हते. तिच्या बोलण्यात खोडायचे शब्द कुठले, ते मनातल्या मनात टिपत होते. वढत्यात. लई. नाय. मी स्वतः पैठणकडच्या खेड्यातली. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी 'व्हय' म्हणाले आणि समोरचे तिघं एकमेकांकडं बघून हसले होते. त्या दिवसापासून मी जिभेला असं वळण लावलं की पुढं माझ्या आईला माझ्याशी फोनवर बोलताना अवघडल्यासारखं व्हायचं. या मुलीवर तशी वेळ येऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं. आपण मोठ्या मनाच्या आहोत असंही त्या क्षणी वाटलं.

दर दुसऱ्या शनिवारी दुपारी ती हॉस्टेलवरून शेअर रिक्षानं माझ्या उस्मानपुऱ्यातल्या घरी यायची. जेवणाच्या टेबलावर आम्ही बसायचो. बायोडेटा एका पानाचा कसा करायचा, ई-मेलच्या विषयाच्या ओळीत काय लिहायचं, साहेबांना फोन केला तर आधी आपण कोण ते सांगायचं. 'माहीत नाही' म्हणायला लाजायचं नाही, पण लगेच 'बघून सांगते' म्हणायचं आणि खरोखर बघून सांगायचं. पाळी बदलताना पुढच्या माणसाला अर्धवट कामाची चिठ्ठी लिहून द्यायची, तोंडी निरोपावर सोडायचं नाही. हे सगळं उपयोगाचं होतं. बाविसाव्या वर्षी मला कुणी हे सांगितलं असतं तर माझी कितीतरी धडपड वाचली असती. त्यामुळं मार्गदर्शन हे थोतांड आहे, असं मी आजही म्हणणार नाही.

ती सगळं वहीत उतरवायची आणि मध्येच मान वर करून असे प्रश्न विचारायची की मला पाणी प्यायला उठावं लागायचं.

"मॅडम, आपली चूक झाली आन् कुणाच्या ध्यानातच आली नाय, तर सांगायची का?"

"सांगायची. लॅबमध्ये हात चुकलेला चालतो, आकडा खोटा चालत नाही."

"आन् साहेबाची चूक दिसली तर?"

"तीही सांगायची. पण चारचौघांत नाही."

तिनं दोन्ही उत्तरं लिहून घेतली.

बुरख्याचा विषय मीच काढला. कारखान्यात लॅबकोट असतो, म्हटलं, यंत्रं असतात. ती अजिबात दुखावली नाही. "लॅबमध्ये मी घालतच नाय. ओढणी मागं बांधते, पुढं लोंबत नाय. ज्योतीजवळ काम करायचं म्हणल्यावर तेवढं कळतं, मॅडम." मग हसून म्हणाली, "आमच्या सरांची टायच एकदा बर्नरजवळ गेली होती."

मुलाखतीसाठी फिक्या रंगाचा कुडता घ्यायला आम्ही गुलमंडीत गेलो. तिथं मी एक वेगळीच मुलगी पाहिली. माझ्यासमोर प्रत्येक वाक्य तपासून बोलणारी ती दुकानात शिरताच मोकळी झाली. रुमालाचा कोपरा ओला करून तिनं कापडावर घासला आणि दुकानदाराला दाखवला. "भैया, ये पहले पानी में रंग छोड़ता. दुसरा दिखाव." दुकानदार हुज्जत घालू लागला तर तिनं कापडाची उलटी बाजू उजेडात धरून विणीतली गाठ दाखवली. तो गप्प झाला आणि त्यानं आतून दुसरा गठ्ठा काढला. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होते. ही मुलगी जन्मजात तपासनीस आहे, हे मला तिथंच कळलं होतं.

तरीही त्याच संध्याकाळी मी तिला म्हणाले, "क्वालिटीतच का यायचंय असं विचारलं तर वडिलांचं सांगू नकोस. जिनिंग, कापूस, हातानं ओल बघणं, हे साहेब लोकांना अडाणीपणाचं वाटतं. औषधाची शुद्धता हा रुग्णाचा हक्क आहे, असं काहीतरी सांग."

तिनं वहीचं पान उलटलं. मग तिनं तेही लिहून घेतलं.

त्या उन्हाळ्यात आमच्याच लॅबमध्ये एक जागा निघाली. मी तिला अर्ज करायला लावला. मुलाखत घ्यायला आम्ही तिघं होतो: प्लांट हेड, मनुष्यबळ विभागातला एक तरुण अधिकारी आणि मी. नऊ उमेदवार होते. ही मुलगी माझ्याकडं शिकायला येते, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. प्लांट हेड म्हणाले, "मग तर बरंच. तुमची पारख असणार."

प्रत्येकाला आम्ही तपासणीचा एक जुना अहवाल वाचायला देत होतो आणि काय दिसतं ते विचारत होतो. आठ जणांनी आम्हाला अपेक्षित होती ती चूक सांगितली, म्हणजे एका ठिकाणी बेरीज चुकली होती. तिनं ती सांगितली आणि कागद खाली ठेवलाच नाही.

"सर, सकाळची आणि दुपारची ओलाव्याची नोंद शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी आहे," ती माझ्याकडून शिकलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली. "असं सहसा होत नाही. दुपारची नोंद मोजलेली नसावी. वरची पाहून उतरवलेली असावी."

तो अहवाल माझ्याच लॅबचा होता. एवढी वर्षं तो मुलाखतींना वापरत होतो आणि ते मलाही दिसलं नव्हतं. प्लांट हेड हसले. "मॅडम, सांभाळा," ते मला म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, क्वालिटीतच का? तिनं रुग्णाच्या हक्काचं वाक्य म्हणून दाखवलं. पाठ केल्यासारखं, सपाट. तिच्या सगळ्या मुलाखतीत तेवढंच एक उत्तर निर्जीव होतं, आणि ते माझं होतं.

ती बाहेर गेल्यावर मी तिच्या नावापुढं सर्वांत जास्त गुण लिहिले. इतर दोघांनीही लिहिले. मग प्लांट हेडनी पेन खाली ठेवलं.

"हुशार आहे, वाद नाही. पण तीन पाळ्या आहेत. सिल्लोडचे लोक मुलीला रात्रपाळीला ठेवतील? दोन वर्षांत लग्न होईल, जाईल. आपण परत शून्यावर." स्वतःच्या डोक्याभोवती बोट फिरवून त्यांनी ओढणीची खूण केली. "आणि बाहेरून तपासणीला लोक येतात. उगाच चर्चा कशाला?"

तरुण अधिकारी टेबलाकडं बघत राहिला. मग दोघांनीही माझ्याकडं बघितलं.

मला माहीत होतं की तिनं वडिलांना पाळ्यांचं आधीच विचारलं होतं आणि ते हो म्हणाले होते. माझ्या पहिल्या मुलाखतीत मलाही लग्नाचं विचारलं होतं. मुलगा झाला तेव्हा कुणी नाव ठेवू नये म्हणून मी रजा संपायच्या आत कामावर हजर झाले होते. बोलायला एवढं सगळं माझ्याकडं होतं. पण त्या खोलीत मी इतकी वर्षं टिकले होते ती बोलल्यामुळं नव्हे. कधी मूग गिळून बसायचं ते ओळखल्यामुळं टिकले होते. सवयीनं मी म्हणाले, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

दोन नंबरच्या मुलाची निवड झाली. तरुण अधिकाऱ्यानं तिचा कागद माझ्याकडं सरकवला. "मॅडम, गुण जास्त आहेत, तर शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी कारण लागेल. फायलीला."

मी लिहिलं: संवादकौशल्य कमी. खाली सही केली.

पुढच्या शनिवारी ती आली. निकाल तिला कळला होता. चेहरा उतरलेला होता, पण वही उघडलेली होती.

"मी कुठं कमी पडले, मॅडम? तुम्ही आतच होता. सांगा, मी सुधारते."

तेव्हा खरं सांगता आलं असतं. वेळ होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. पण खरं सांगायचं तर 'मग तुम्ही काय म्हणालात' हा पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणाले, "बोलण्यात. बोलण्यात जरा कमी पडलीस."

"भाषा?"

"भाषा, आत्मविश्वास... एकूणच."

तिनं 'बोलणं' असं लिहिलं आणि त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली.

त्यानंतर तिनं जे केलं ते मी बघत होते, तिच्याकडून ऐकत होते. इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावला. हॉस्टेलच्या खोलीत आरशासमोर उभं राहून सराव करायची. मैत्रिणींशी बोलणं कमी केलं, का तर त्यांच्यात बसलं की जुने शब्द परत तोंडात येतात. घरी गेली तर वडिलांशीही शुद्ध बोलायची. "अब्बा हसत्यात," ती एकदा म्हणाली आणि तिनं पटकन सुधारलं, "हसतात." पुढं तिनं आणखी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी प्रश्न आला की ती आधी मनात वाक्य जुळवायची, तपासायची, मग बोलायची. एका कारखान्यातला माझा ओळखीचा माणूस मला फोनवर म्हणाला, "पोरगी बरी आहे, पण बोलायला फार वेळ लावते हो. विषय येत नाही की काय, कळत नाही."

मी लिहिलेला खोटा शेरा असा खरा झाला होता. ज्या मुलीनं गुलमंडीतल्या दुकानदाराला गप्प केलं होतं, तिला मी आठ महिन्यांत मुकं करून ठेवलं होतं. तरीही मी बोलले नाही. उलट तिला म्हणाले, सराव चालू ठेव.

दरम्यान तिची परीक्षा संपली आणि प्राध्यापकांनी तिला विभागातच एका प्रकल्पावर तात्पुरतं काम दिलं. त्यातच मार्गदर्शन योजनेचा वार्षिक अहवाल तयार करायचं काम तिच्याकडं आलं. कुठल्या विद्यार्थ्याची कुठं मुलाखत झाली, शेरा काय मिळाला, ते कारखान्यांकडून मागवलं होतं. आमच्या तरुण अधिकाऱ्यानं काही विचार न करता मूळ कागदांच्या झेरॉक्स पाठवून दिल्या.

एका मंगळवारी संध्याकाळी ती न कळवता घरी आली. आत आली, बसली नाही. पिशवीतून झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली.

"हे अक्षर तुमचं आहे," ती म्हणाली. माझं अक्षर तिला ओळखू येणारच; तिच्या बायोडेटाचे सहा मसुदे मी लाल पेनानं तपासले होते. "गुण तर सगळ्यांत जास्त आहेत. तुम्ही दिलेले पण. मग संवादकौशल्य कमी, हे कोण म्हणालं?"

"मी लिहिलं."

"तुम्हाला तसं वाटलं होतं?"

"नाही."

मग मी सगळं सांगितलं. रात्रपाळी, लग्न, ती बोटाची खूण, तपासणीला येणारे लोक. मी काय म्हणाले तेही सांगितलं. ती उभ्यानं ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. दोन्हींची मी तयारी केली होती.

"ओढणीचं मला नवं नाय, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही त्या शनिवारीच सांगितलं असतं तर मी घरी गेले असते, दोन दिवस तोंड पाडून बसले असते, आन् तिसऱ्या दिवशी दुसरीकडं अर्ज टाकला असता. जग असंय, हे आम्हाला लहानपणापासून माहीतच असतं. पण तुम्ही म्हणाला माझ्यात खोट आहे. मी आठ महिने ती शोधली. नव्हतीच तर सापडणार कुठून?"

मी म्हणाले, "मला माफ कर."

ती झेरॉक्स घडी करून पिशवीत ठेवत होती. "मला माझ्या अब्बांचं सांगू दिलं नाय तुम्ही," एवढंच ती जाता जाता म्हणाली. दार तिनं हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात आमच्याकडं निवडलेला मुलगा पुण्यात जास्त पगाराची नोकरी मिळाली म्हणून सोडून गेला. मी प्लांट हेडच्या केबिनमध्ये गेले. आयुष्यात पहिल्यांदा न बसता बोलले. म्हटलं, मागच्या वेळी आपण चूक केली. ती मुलगी सर्वांत चांगली होती, पाळ्यांना तिच्या घरचे तयार होते, आणि तिच्या ओढणीचा कामाशी काही संबंध नव्हता. मी भांडायला तयार होऊन गेले होते. ते शांतपणे माझं ऐकत राहिले.

"मग तेव्हा का नाही बोललात, मॅडम?" ते म्हणाले. "मी माझी शंका सांगितली. लॅब तुमची, माणूस तुमच्या हाताखाली राहणार. तुम्ही अडून बसला असतात तर मी कशाला नाही म्हणालो असतो? तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मला वाटलं, तुमचंही तेच मत आहे."

ते खरं बोलत होते की स्वतःला सोडवून घेत होते, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. बहुधा त्यांनाही माहीत नसेल. इतकी वर्षं मी समजत होते की बोलून उपयोग नसतो. बोलून मी कधी बघितलंच नव्हतं.

"बोलवा तिला," ते म्हणाले. "सरळ घेऊ. मुलाखत नको."

मी तिला फोन केला. तिनं पहिल्या रिंगला उचलला. मी सगळं एका दमात सांगितलं, मुलाखतसुद्धा द्यायची नाही म्हणून.

"मी सोमवारपासून जालन्याला लागते आहे, मॅडम. बियाण्याच्या लॅबमध्ये," ती म्हणाली. "उगवण तपासायचं काम आहे."

"पगार? राहायचं?"

"मावशी आहे तिथं. पगार तुमच्यापेक्षा कमी आहे."

"मग इकडं ये ना. आता काही अडचण नाही. मी आहे."

"पहिल्या वेळी पण तुम्ही होता," ती म्हणाली. रागानं नाही, एखादी नोंद वाचून दाखवावी तशी. मग, "ठेवते, मॅडम. खुदा हाफिज," म्हणून तिनं फोन ठेवला.

वर्षाच्या शेवटी विद्यापीठात कार्यक्रम झाला. ज्यांच्या विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागल्या त्या मार्गदर्शकांचा सत्कार होता. यादीत मी होते. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. मी जायला नको होतं, पण गेले. घ्यायला नको होतं, पण घेतलं. निवेदक म्हणाला की मॅडमनी सिल्लोडच्या एका मुलीला घडवलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. ती आली नव्हती.

मार्गदर्शन मी अजून करते. दरवर्षी एक विद्यार्थी मिळतो. आता मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते: तुम्हाला नाकारलं जाईल तेव्हा मिळालेलं कारण खरं असेलच असं नाही. शेरा वाचा, पण त्यावर सगळा विश्वास ठेवू नका. स्वतःत खोट शोधण्याआधी समोरच्याची तपासा. मुलांना हे आवडत नाही. त्यांना बायोडेटा हवा असतो, मुलाखतीत विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं हवी असतात. एका मुलानं प्राध्यापकांकडं तक्रारही केली. प्राध्यापक मला म्हणाले, "मॅडम, जरा सकारात्मक बोलत जा. पोरं खचतात."

त्यांच्याकडूनच मला कळतं की ती जालन्याच्या त्या लॅबमध्ये आता वरच्या जागेवर आहे. वर्षातून दोनदा विभागात येते, शेवटच्या वर्षाच्या मुलींना घेऊन दिवसभर बसते. तिच्या बोलण्यावर मुली जीव टाकतात, ते सांगत होते. घरचं, सिल्लोडचं, सगळं मोकळेपणानं सांगते म्हणे.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. "तुमची विद्यार्थिनी येत्या शुक्रवारी येतेय. तुम्हीही या ना. दोघींना एका व्यासपीठावर बसवू, चांगलं दिसेल."

मी म्हणाले, शुक्रवारी आमच्याकडं ऑडिट आहे, लॅब सोडता येणार नाही.

शुक्रवारी आमच्याकडं कसलंही ऑडिट नव्हतं.